गोळी सुटण्याआधीचा खर्च

रिचमंड हे कॅलिफोर्नियातलं लाखभर वस्तीचं शहर. सॅन फ्रान्सिस्को खाडीचा काठ, तेलशुद्धीकरण कारखाना, रेल्वेचे रूळ आणि कामगारांची बैठी घरं ही त्याची ओळख. २००५ मध्ये इथल्या काही नगरसेवकांनी शहरात आणीबाणी जाहीर करण्याची मागणी केली, इतका गोळीबार वाढला होता. २००६ मध्ये 'आयर्न ट्रँगल' या सर्वांत होरपळलेल्या भागातल्या लोकांनी बागेत तंबू ठोकले आणि रात्री तिथेच मुक्काम केला. आपण जागे राहिलो तर निदान या बागेत तरी कोणी बंदूक काढणार नाही, ही त्यांची आशा. तरीही २००७ मध्ये शहरात ४७ खून झाले. पुढे २०१४ मध्ये हा आकडा ११ वर आला आणि २०२३ मध्ये ८ वर.

मधल्या काळात पोलिसांची कामाची रीत बदलली. त्याच जोडीला महापालिकेने २००७ मध्ये एक छोटं खातं उघडलं, 'ऑफिस ऑफ नेबरहूड सेफ्टी'. या खात्याला ना शस्त्र होतं, ना अटकेचा अधिकार. त्याच्याकडे होता थोडा निधी, आणि ज्या गल्ल्यांत गोळ्या सुटतात त्याच गल्ल्यांत लहानाची मोठी झालेली काही माणसं.

तरुणांमधला आणि टोळ्यांमधला हिंसाचार घडण्याआधीच थोपवावा, म्हणून स्थानिक सरकारं वस्तीतल्या संस्थांना अनुदान देतात, हा प्रयोग अमेरिकेत गेली तीस वर्षं सुरू आहे. त्यात भरघोस यश आहे, सपशेल अपयशही आहे. दोन्हींचा हिशेब मांडला की एक गोष्ट ठसठशीत दिसते. रक्कम किती मोठी यापेक्षा ती कोणासाठी, कोणाच्या हातून आणि किती वर्षं खर्च होते, यावर सगळं ठरतं. त्यातलाही शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा आहे.

पैसा येतो कुठून?

रिचमंडच्या दक्षिणेला ऑकलंड आहे. फ्रीमाँट, सॅन होजे, सनीव्हेल इथे हजारो मराठी कुटुंबं राहतात. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिथे आहेत. ऑकलंड तिथून फार लांब नाही. अनुदानाची गोष्ट समजून घ्यायला हे शहर उत्तम, कारण इथे नागरिकांनी स्वतः मत देऊन हिंसाप्रतिबंधासाठीचा कर आपल्यावर लावून घेतला आहे, आणि तोही पुन्हा पुन्हा.

सुरुवात १९९६ मध्ये झाली. पालक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या मोहिमेतून 'किड्स फर्स्ट' हा ठराव मतपत्रिकेवर आला आणि मंजूर झाला. शहराच्या मुक्त महसुलातला अडीच टक्के वाटा मुलांच्या आणि तरुणांच्या कार्यक्रमांसाठी बाजूला ठेवायचा, अशी ती तरतूद. पुढे २००४ मध्ये 'मेझर वाय' हा ठराव आला. त्यानुसार प्रत्येक स्वतंत्र घरामागे वर्षाला ८८ डॉलर आणि वाहनतळाच्या शुल्कावर साडेआठ टक्के अधिभार सुरू झाला. त्यातून हिंसाप्रतिबंधाचे कार्यक्रम, वस्तीनिहाय पोलीस आणि अग्निशमन दल यांना पैसा मिळू लागला. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा, २०१४ मध्ये, मतदारांनी 'मेझर झेड'च्या रूपाने तो पुढे चालू ठेवला. २०२४ मध्ये 'मेझर एनएन' मंजूर करून घरपट्टीवरचा हा कर १९८ डॉलरवर नेला. कर वाढवा असं मतदारांनी स्वतः सांगावं, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांच्या दारात गोळीबार होतो त्यांना या खर्चाची किंमत बरोबर कळते.

शहराच्या वर राज्य आहे. कॅलिफोर्निया राज्याने २००७ मध्ये टोळी-प्रतिबंध अनुदान सुरू केलं. वर्षाला साधारण ९० लाख डॉलर, म्हणजे एवढ्या मोठ्या राज्याच्या मानाने चिमूटभरच. पण त्याला दोन अटी होत्या. शहराने तेवढीच रक्कम स्वतःची घालायची, आणि मिळालेल्या रकमेचा किमान पाचवा हिस्सा वस्तीतल्या संस्थांना द्यायचा. पहिल्या अटीमुळे शहरांनाही झीज सोसावी लागली. दुसरीमुळे सगळा पैसा सरकारी खात्यांतच मुरणं थांबलं. २०१७ मध्ये या योजनेचं नाव बदलून 'कॅलव्हिप' झालं. २०१९ च्या कायद्याने तिला पक्का आधार दिला आणि संस्थांचा किमान हिस्सा निम्म्यावर नेला. २०२३ मध्ये राज्याने बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर ११ टक्के कर बसवला. तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा याच योजनेकडे जातो. बंदुकीच्या विक्रीतून बंदुकीच्या जखमा टाळण्यासाठी पैसा उभा करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य.

त्याही वर केंद्र सरकार. २०२२ च्या एका द्विपक्षीय कायद्याने वस्तीपातळीवरच्या हिंसाप्रतिबंधासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठेवले. शिवाय एखादं प्रतिष्ठान किंवा खासगी देणगीदारही असतो. वस्तीतली एखादी संस्था अशी तीन-चार ठिकाणची तोंडमिळवणी करून वर्ष काढते. तिच्या दृष्टीने ही सगळी ओंजळीओंजळीने मिळणारी रक्कम आहे, आणि प्रत्येक ओंजळीचे नियम निराळे आहेत.

कोणासाठी?

'तरुणांमधला हिंसाचार' म्हटलं की गावातली सगळी उनाड पोरं डोळ्यांसमोर येतात. आकडे वेगळंच सांगतात. ऑकलंडने २०१२ मध्ये आपली थकलेली मोहीम नव्याने उभी करताना आधी प्रत्येक खुनाची फाइल उघडून बसायचं ठरवलं. कोण मेलं, कोणी मारलं, आधीचं वैर काय, कोणत्या गटाचा कोणाशी संबंध. त्यातून दिसलं की चार लाख लोकांच्या शहरात एका वेळी काही शे माणसांच्या भोवतीच बहुतेक खून फिरत होते. दुसरी गोष्ट अधिक धक्का देणारी. मारणारे आणि मरणारे बहुतेक अठराच्या पुढचे होते, सरासरी वय तिशीच्या आसपास. भांडणाची कारणंही अमली पदार्थांच्या बाजारापेक्षा जुनी वैरं, अपमान आणि सूड ही.

रिचमंडमध्ये हाच हिशेब आणखी छोटा निघाला. तिथल्या खात्याचे पहिले प्रमुख डेव्होन बॉगन यांना पोलिसांकडून कळलं की शहरातल्या बहुतांश गोळीबारामागे तीसएक जणांहूनही कमी तरुण असल्याचा त्यांचा अंदाज आहे. लाखाच्या शहरात तीस! ही सगळी पोरं पोलिसांना माहीत होती, वस्तीला माहीत होती. त्यांच्याशी बोलायला मात्र कोणतीही योजना जात नव्हती.

याचा अनुदानाशी थेट संबंध आहे. शाळेतल्या दहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग घेणं चांगलंच. पण त्या खर्चाने या वर्षीचा खून थांबणार नाही. म्हणून जाणकार या कामाचे तीन थर मानतात. पहिला थर सर्व मुलांसाठी: खेळ, अभ्यासिका, उन्हाळी शिबिरं. दुसरा, ज्यांचा पाय घसरू लागला आहे अशांसाठी: शाळा सुटलेली, घरात कोणी तुरुंगात असलेली, टोळीच्या कडेकडेने वावरणारी मुलं. तिसरा, ज्यांच्या हातात आज बंदूक आहे किंवा ज्यांच्यावर आज ती रोखलेली आहे, त्यांच्यासाठी. तिन्ही थर लागतात. पण एकाच्या नावाने पैसा घेऊन दुसऱ्यावर खर्च केला की मोजमाप फसतं आणि लोकांचा विश्वासही उडतो.

लॉस एंजेलिसने हा धडा महाग घेतला. तिथे कित्येक वर्षं टोळीविरोधी कार्यक्रम निरनिराळ्या खात्यांत विखुरलेले होते, आणि भाकरीवर तूप सगळीकडे सारखं पसरावं तसा निधी शहरभर पसरला जाई. २००७ मध्ये वकील कॉनी राइस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या अहवालाने यावर कठोर टीका केली. पुढच्या वर्षी महापालिकेच्या हिशेबतपासनीस लॉरा चिक यांनीही सगळे कार्यक्रम एका छत्राखाली आणा असं सुचवलं. त्यातून महापौर कार्यालयात 'ग्रिड' हा विभाग उभा राहिला. आता हिंसाचार जास्त असलेले भाग आखून घेतले गेले. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना कार्यक्रमात घेण्याआधी सविस्तर प्रश्नावली भरून कोणाला खरोखर धोका आहे हे तपासलं जाऊ लागलं. गरीब वस्तीत राहतो म्हणून मूल टोळीत जाईलच, हे गृहीतक त्यामुळे मोडलं. बहुसंख्य मुलं जात नाहीतच.

कोणाच्या हातून?

रात्री अकराला एका चौकात गोळीबार होतो. एक तरुण जखमी होऊन रुग्णालयात पोचतो. त्याचे मित्र बाहेर जमतात, आणि पहाटेपर्यंत बदला घ्यायचं ठरतं. या चार-पाच तासांत त्यांच्याशी कोण बोलू शकतं? पोलिसाला ते तोंड उघडणार नाहीत. समाजसेवेची पदवी घेतलेल्या अनोळखी माणसाला ते ओळखत नाहीत. तिथे लागतो तो त्यांच्याच वस्तीतला, कधीकाळी त्यांच्यासारखाच वागलेला, तुरुंगात जाऊन आलेला आणि आता बाहेर पडलेला माणूस.

ऑकलंडमध्ये शर्मन स्पीअर्स या तरुणाला १९८९ मध्ये गोळी लागली आणि त्याचं चालणं कायमचं थांबलं. रुग्णालयात पडून असताना मित्र सूडाची भाषा करत होते; पुढचं आयुष्य कसं काढायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. पुढे त्याच्याच कल्पनेतून १९९४ मध्ये 'यूथ अलाइव्ह' या संस्थेने 'कॉट इन द क्रॉसफायर' हा उपक्रम सुरू केला. जखमी तरुणाच्या खाटेशी जाऊन बसायचं, त्याच्या मित्रांना शांत करायचं, आणि घरी गेल्यावरही महिनोन्महिने त्याच्या मागे राहायचं: औषधं, कोर्टाची तारीख, शाळेत परत प्रवेश, नोकरी. रुग्णालयातून चालणारा अशा प्रकारचा हा देशातला पहिला उपक्रम मानला जातो. आज असे उपक्रम अमेरिकेच्या अनेक शहरांत आहेत.

लॉस एंजेलिसमध्ये या कामाची शिस्त बांधली गेली. गोळीबार झाला की पोलीस, ग्रिडचा अधिकारी आणि वस्तीतला कार्यकर्ता तिघांनाही एकाच वेळी खबर मिळते. कार्यकर्ता अफवा थोपवतो, दोन्ही गटांशी बोलतो. पण कोणी गोळी झाडली हे तो पोलिसांना सांगत नाही, आणि पोलीसही त्याला विचारत नाहीत. ही मर्यादा एकदा मोडली तर दुसऱ्या दिवशी वस्तीत त्याला कोणी उभं करणार नाही. त्याच्या जिवालाही धोका. हा समझोता अवघड आहे. तरी तो पाळला जातो म्हणूनच काम चालतं.

रिचमंडने याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथले वस्तीतले कार्यकर्ते महापालिकेच्या पगारपत्रकावर आले. ज्या माणसाच्या नावावर जुना गुन्हा आहे त्याला पूर्णवेळ नोकरी आणि इतर कर्मचाऱ्यांसारख्या सवलती, हा निर्णय साधा नव्हता. २०१० मध्ये बॉगन यांनी 'पीसमेकर फेलोशिप' सुरू केली. ज्यांच्यावर सर्वांत जास्त संशय होता अशा वीसेक तरुणांना नगरपालिकेच्या सभागृहात सन्मानाने बोलावलं. अठरा महिने रोज त्यांच्याशी संपर्क, प्रत्येकाचा जीवनआराखडा, वडीलधाऱ्यांची साथ. पहिले सहा महिने नीट पार पाडून ठरलेली उद्दिष्टं गाठली तर पुढे जास्तीत जास्त नऊ महिने दरमहा हजार डॉलरपर्यंत विद्यावेतन. आणि सहलीही, पण परराज्यात किंवा परदेशात जायचं तर आपल्या विरुद्ध गटातल्या माणसाबरोबरच जायचं. ज्याच्यावर काल बंदूक रोखली त्याच्याशेजारी विमानात बसायचं, एका खोलीत राहायचं.

गुन्हेगारांना पैसे वाटता का, असा गदारोळ यावर झाला आणि तो समजण्यासारखा आहे. म्हणून विद्यावेतन आणि सहलींचा खर्च खासगी देणग्यांतून केला गेला. करदात्यांचा पैसा कार्यकर्त्यांच्या पगारावर गेला. ही विभागणी समजून घेण्यासारखी आहे. सरकारी पैशाला काही जागी हात आखडता घ्यावा लागतो. तिथे देणगीदार उभा राहिला तर काम अडत नाही.

मूठ उघडण्याचा धडा

हे सगळं ऐकून काम फक्त मोठ्यांचं आणि बंदूकवाल्यांचं आहे असं वाटेल, पण तसं नाही. दुसऱ्या थरातलं एक उदाहरण शिकागोचं आहे. 'यूथ गायडन्स' ही संस्था तिथल्या शाळांत 'बिकमिंग अ मॅन' हा कार्यक्रम चालवते. आठवड्यातून एक तास, मुलग्यांचा छोटा गट, एक समुपदेशक.

पहिल्या काही बैठकांतला एक खेळ असा. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून चेंडू काढून घे. लगेच झोंबाझोंबी सुरू. बोटं पिरगाळली जातात, कोणी जमिनीवर लोळतो. मग अदलाबदल, पुन्हा तेच. वेळ संपल्यावर समुपदेशक विचारतो, 'मला चेंडू दे' असं कोणी म्हणून पाहिलं का? मुलं एकमेकांकडे बघतात. मागितला असता तर दिला असता का, असं विचारलं की उत्तर येतं: हो, दिला असता, साधा चेंडू तर आहे.

मुलाला तू चांगला वाग असा उपदेश इथे कोणी केलेला नाही. रस्त्यावर झटकन उत्तर देणं कधी कधी जीव वाचवतं, हेही त्याला माहीत आहे. त्याला शिकवलंय ते एवढंच की प्रत्येक प्रसंग तसा नसतो. एक क्षण थांब आणि बघ. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली आणि तुलना केली. कार्यक्रम चालू असताना या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पण पहिल्या अभ्यासात कार्यक्रम थांबल्यानंतर अटकांवरचा परिणामही ओसरला. हे वाक्य प्रत्येक अनुदान देणाऱ्याने लिहून ठेवावं असं आहे. लस एकदा टोचली की काम झालं, असा हा उपाय नाही. तो चालू ठेवावा लागतो.

पहिल्या थरातलं उदाहरण लॉस एंजेलिसच्या बागांचं. २००८ मध्ये शहराने हिंसाचाराच्या छायेतल्या आठ बागांमध्ये उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत दिवे चालू ठेवले. जेवण, बास्केटबॉल, नृत्य, लहानांसाठी खेळ. आणि काम करायला वस्तीतलीच तरुण मुलं, पगारावर. ज्या बागेत अंधार पडला की फक्त टोळी असायची तिथे आजी नातवंडांना घेऊन येऊ लागली. पुढे या बागांची संख्या तिसाच्या वर गेली.

उपयोग होतो का?

बॉस्टन शहरात १९९६ मध्ये पोलीस, चर्चचे धर्मगुरू आणि रस्त्यावरचे कार्यकर्ते यांनी मिळून 'ऑपरेशन सीझफायर' चालवलं. टोळ्यांतल्या तरुणांना समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या: गोळ्या थांबवा, आम्ही मदत करू; थांबल्या नाहीत तर सगळ्या गटावर कारवाई होईल. अभ्यासकांच्या हिशेबाने तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी घटले. ऑकलंडच्या नव्या मोहिमेचा अभ्यास झाला तेव्हा बंदुकीने होणारे खून तिच्यामुळे सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष निघाला. रिचमंडच्या फेलोशिपच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदुकीमुळे होणारे मृत्यू आणि रुग्णालयातल्या नोंदी ५५ टक्क्यांनी, तर बंदुकीचे गुन्हे ४३ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याच अभ्यासात बंदुकीविना झालेल्या हिंसेमुळे होणारे मृत्यू आणि रुग्णालयातल्या नोंदी १६ टक्क्यांनी वाढल्याचंही दिसलं. म्हणजे काही भांडणं मिटली नाहीत; त्यांतून बंदूक तेवढी गेली. तीही कमाईच, कारण मुक्का खाल्लेला माणूस बहुधा दुसऱ्या दिवशी जिवंत असतो.

अपयशाची उदाहरणंही तेवढीच बोलकी आहेत. पिट्सबर्गमध्ये २००४ मध्ये सुरू झालेल्या 'वन व्हिजन वन लाइफ' या कार्यक्रमाच्या मूल्यमापनात खून कमी झाल्याचं दिसलंच नाही. उलट काही प्रकारचे हल्ले वाढलेले आढळले. शिकागोच्या 'रेडी' या मोठ्या प्रयोगात अडीच हजारांच्या आसपास पुरुषांचा समावेश होता. नोकरी आणि वर्तनोपचार मिळालेल्यांच्या गोळीबार आणि खुनाच्या गुन्ह्यांतल्या अटका ६५ टक्क्यांनी कमी निघाल्या, पण सर्व प्रकारच्या गंभीर हिंसेचा एकत्रित निर्देशांक मात्र ठामपणे काही सांगण्याइतका हलला नाही. हेतू चांगला असला की परिणाम चांगला होतोच असं नाही. म्हणून मूल्यमापनाचा खर्च वाया गेला असं समजू नये. ऑकलंडच्या करात देखरेख आणि मूल्यमापनासाठी वेगळा हिस्सा राखलेला आहे, आणि नागरिकांचा आयोग त्याचे अहवाल जाहीर बैठकीत तपासतो.

खरं दुखणं

आता त्या तिसऱ्या मुद्द्याकडे: किती वर्षं?

ज्यांनी एखादी संस्था चालवली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. अनुदान मंजूर होतं तेव्हा पैसा हातात येत नाही. बहुतेक सरकारी करारांत आधी संस्थेने खर्च करायचा, पावत्या जोडून बिल पाठवायचं, मग काही महिन्यांनी परतफेड. बँकेत शिल्लक असलेल्या मोठ्या संस्थेला हे झेपतं. ज्या तीन-चार माणसांच्या संस्थेचा वस्तीत खरा वट आहे, तिचे पगार थकतात. अर्ज लिहायला कसबी माणूस लागतो, तो तिच्याकडे नसतो. त्यामुळे उत्तम अर्ज लिहिणारी संस्था आणि उत्तम काम करणारी संस्था या एकच असतील असं नाही. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून सुरुवातीला उचल दिली जाते, किंवा मोठी संस्था छोटीचे हिशेब सांभाळते. असे उपाय वाढायला हवेत.

त्याहून मोठी अडचण मुदतीची. करार एक, दोन, फार तर तीन वर्षांचे. एखाद्या धुमसत्या तरुणाचा विश्वास मिळवायला वर्ष जातं. कार्यकर्ता त्याच्याकडे रोज जातो, शिव्या खातो, पुन्हा जातो. एके रात्री दोन वाजता तो पोरगा स्वतःहून फोन करतो. तो फोन उचलणाऱ्या माणसाचा करार तोवर संपला असेल, तर आधीचा सगळा पैसा बुडाला. विश्वास संस्थेच्या नावावर नसतो, माणसावर असतो. तो कार्यालयाच्या कपाटात ठेवून पुढच्या अनुदानापर्यंत जपता येत नाही.

शिकागोमध्ये साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या 'सीझफायर' कार्यक्रमाचा राज्याचा निधी २००७ मध्ये अचानक तुटला, आणि २०१५ मध्ये राज्याच्या अंदाजपत्रकाच्या ओढाताणीत पुन्हा. दोन्ही वेळी कार्यकर्त्यांना घरी पाठवावं लागलं. २०१६ मध्ये शिकागोत साडेसातशेहून अधिक खून झाले. त्याची कारणं अनेक होती. एका कार्यक्रमाच्या बंद पडण्यावर सगळं खापर फोडता येणार नाही. पण आग वाढत असताना बंब घरी पाठवले गेले, एवढं खरं.

ऑकलंडने तर नियमाच्या जाळ्यात स्वतःलाच अडकवलं होतं. 'मेझर वाय'ची अट अशी की शहराने किमान ७३९ पोलिसांची तरतूद केली तरच हा कर वसूल करता येईल. २०१० मध्ये मंदीमुळे शहराने ८० पोलीस कमी केले आणि करच अडचणीत आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांकडे पुन्हा जाऊन ती अट शिथिल करून घ्यावी लागली. पुढे २०१२ मधल्या नव्या मोहिमेने, ऑकलंडच्या 'सीझफायर'ने, आकडे खाली आणले. मग महासाथ आली, नेतृत्व बदललं, मोहिमेचं मूळ रूप पातळ होत गेलं आणि खून पुन्हा शंभराच्या पुढे गेले. २०२४ च्या सुरुवातीला एका स्वतंत्र तपासणीने ही ढिलाई उघड केली. मोहीम पूर्ववत करण्यात आली आणि त्या वर्षी खून सुमारे एक तृतीयांशाने घटले. कार्यक्रम तोच, शहर तेच. फरक पडला तो चिकाटीचा.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने शेकडो अनुदानं मुदत संपण्याआधीच रद्द केली. त्यांत वस्तीतल्या हिंसाप्रतिबंधाची अनेक कामं होती. ज्या शहरांनी स्वतःच्या करातून निधी उभा केला होता ती कशीबशी उभी राहिली. जी केवळ वरच्या पैशावर अवलंबून होती, ती उघडी पडली. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केलेला एक बदल महत्त्वाचा वाटतो. गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यात हिंसाप्रतिबंधाची सेवा समाविष्ट झाली. जखमी तरुणाच्या खाटेशी बसणाऱ्या कार्यकर्त्याच्या कामाचा मोबदला आता आरोग्यसेवा म्हणून मागता येतो. हंगामी अनुदानाला कायमच्या तरतुदीची जोड देण्याची ही वाट आहे.

एका गोळीचा खर्च शहर कसंही करतंच. शस्त्रक्रिया, तपास, खटला, तुरुंगातली वर्षं, कमावता मुलगा गेलेलं घर. तो खर्च करताना कोणी अर्ज मागत नाही, मूल्यमापन मागत नाही, तीन वर्षांची मुदत घालत नाही. गोळी सुटण्याआधी खर्चायच्या पैशाला मात्र दरवर्षी नव्याने आपली लायकी सिद्ध करावी लागते. हे उलटं आहे आणि ते बदललं पाहिजे.

नगरसेवक असाल, एखाद्या न्यासाचे विश्वस्त असाल, कंपनीच्या सामाजिक निधीचं काम पाहत असाल किंवा नुसते देणगीदार असाल, तर तरुणांच्या कामासाठी आलेल्या प्रस्तावाला चार प्रश्न जरूर विचारा. नेमक्या कोणत्या मुलांपर्यंत तुम्ही जाणार? त्यांच्याकडे जाणारा माणूस त्यांना ओळखतो का? परिणाम कसा मोजणार आणि वाईट निघाला तर सांगणार का? ही तीन उत्तरं समाधानकारक असली, तर चौथा प्रश्न स्वतःला विचारा: मी किती वर्षं सोबत राहणार? तीन वर्षांपेक्षा कमी असेल, तर रक्कम अर्धी करा आणि वर्षं दुप्पट करा.